आधी मुक्याचा वाटा: दोन माणसं, एक कुत्रं, एक मांजर आणि तंगीचा किराणा

आपल्याकडं जुनी रीत अशी की तव्यावरची पहिली भाकर गायीची आणि शेवटची कुत्र्याची. खेड्यात ती चालून जायची. कुत्रं दिवसभर गल्लीभर हिंडायचं, चार घरी तुकडा मिळायचा, खळ्यावर उंदीर सापडायचे. मांजराला तर कुणी ताट वाढलेलं आठवत नाही. पण संभाजीनगरजवळच्या वाळूजला नाहीतर शेंद्र्याला कंपनीत कामाला लागून दोन खोल्यांत घर मांडलेल्या जोडप्याचं कुत्रं कुठं हिंडणार? दार लावलेलं, खाली रस्त्यावर गाड्या. त्याला जे मिळेल ते तुमच्याच घरातून. आणि पगार आला की घरभाडं, गाडीचा हप्ता, गावाकडं पाठवायचे पैसे जाऊन किराण्याला जे राहतं ते राहतं.

अशा घरात "उरलं तर देऊ" हा सगळ्यात महागाचा मार्ग आहे. उरतं ते रोज सारखं नसतं. एक दिवस चार भाकरी, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, मग धावत जाऊन कोपऱ्यावरून बिस्किटाचा पुडा. शिवाय उरतं ते फोडणी दिलेलं, तिखट, कांदा-लसणाचं. त्यानं पोट बिघडलं की दवाखाना, आणि दवाखान्याची एक फेरी आठवड्याचा भाजीपाला खाते. म्हणून नव्यानं घर मांडणाऱ्यांना माझं सांगणं एकच: महिन्याचा किराणा भरताना आणि रोजचा कुकर लावताना, दोन्ही वेळा जनावराचा वाटा आधी काढा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

हिशेबासाठी एक घर धरू. दोघं माणसं, १५ किलोचं मोठं झालेलं गावठी कुत्रं, ४ किलोची मांजर. तुमचं कुत्रं मोठं असेल, मांजरं दोन असतील, तर त्या मानानं आकडे वाढवा. पिल्लू, गाभण किंवा आजारी जनावर असेल तर मात्र हे माप लावू नका. त्यांचं खाणं डॉक्टरला विचारूनच ठरवा, वाढत्या पिल्लाचं तर नक्कीच.

पहिलं काम: तोंडं मोजा

कुत्र्याचं वजन घरीच कळतं. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग त्याला उचलून उभे राहा, पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करा. काटा नसेल तर गिरणीवाल्याकडं किंवा भुसार दुकानात मोठा काटा असतोच. चार माणसं हसतील, हसू द्या.

१५ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. ४ किलोच्या मांजराला सव्वादोनशेच्या आसपास. आपल्या दोघांचे साधारण ४००० धरा. म्हणजे घरातलं जेवढं खाणं आहे त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोघांचा झाला. हा आकडा नीट डोक्यात बसला की "त्याला काय लागतं, दोन तुकडे!" हे बोलणं आपोआप थांबतं.

माप हाताशी असावं म्हणून सांगते: ७५ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक मध्यम भाकर २६० कॅलरीच्या जवळपास जाते. एक अंडं ७० च्या आसपास. कुत्र्याच्या कोरड्या पाकिटबंद खाण्याला, म्हणजे ज्याला सगळे "दाणे" म्हणतात त्याला, १०० ग्रॅममागं साडेतीनशेच्या आसपास धरा. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असला तर तोच खरा.

आकड्यापेक्षाही हात जास्त सांगतो. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्याला मोजता येऊ नयेत. लागतच नसतील तर तुम्ही जास्त वाढताय, आणि ते पैसेही जास्तच आहेत.

दुसरं काम: किराणा भरायचा कुठून आणि किती

मराठवाड्यात राहण्याचा एक मोठा फायदा आहे, तो वापरा. ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन इथंच पिकतं. लातूर तर डाळमिलचं गावच. त्यामुळं मॉलमधल्या एकेक किलोच्या चकचकीत पाकिटांपेक्षा मोंढ्यातलं भुसार दुकान केव्हाही परवडतं. संभाजीनगरात जाफर गेटचा मोंढा, लातूरला गंजगोलाई, बाकी तालुक्याच्या गावी आठवडी बाजार आहेच. पहिल्या खेपेला नुसते भाव विचारत फिरा. दोन दुकानांत तीच डाळ, तोच दाणा आणि भावात चांगलाच फरक दिसेल.

ज्वारी घ्यायची वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्चनंतर, रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आली की. गावाकडं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडूनच घ्या. अख्खा कट्टा, म्हणजे ५० किलो, एकट्याला जड जात असेल तर शेजारच्या दोन घरांना धरून वाटून घ्या. ज्वारी दाताखाली धरून पाहा, कडक वाजली पाहिजे. मऊ लागली तर ओल आहे, महिन्यात किडे होतील. नवी तूर त्याच्या थोडी आधीच येते, तेव्हा डाळही जरा नरमते.

आता दुकानदार आपण होऊन सांगत नाही अशी गोष्ट. डाळमिलमध्ये अख्ख्या डाळीबरोबर तुटलेली डाळही निघते. पाखडून घेतलेली तुकडा डाळ मागा. दिसायला अख्ख्या डाळीसारखी नाही, भावाला कमी, आणि वरणात घोटल्यावर कोण ओळखणार? शिजायलाही लवकर, म्हणजे गॅसही वाचतो. बारीक चुरी मात्र घेऊ नका, ती ढोरांच्या पेंडीत जाते आणि तिच्यात टरफल, माती बरीच असते. तसंच तांदळाचं. अख्ख्या तांदळापेक्षा कणी स्वस्त. खिचडीला, आजारपणातल्या पेजेला आणि कुत्र्याच्या पातेल्याला कणी उत्तम.

आमच्या धरलेल्या घराचा महिना साधारण असा: ज्वारी साडेबारा किलो, त्यातली सव्वादोन किलो कुत्र्याची. गहू ४ किलो, तांदूळ ४ किलो, त्यात निम्मी कणी चालते. तूरडाळ अडीच किलो, त्यातला अर्ध्या किलोहून थोडा जास्त हिस्सा कुत्र्याच्या पातेल्यात जातो. मूग, मसूर, हरभरा, हुलगे मिळून २ किलो. सोयावडी अर्धा किलो. शेंगदाणे दीड किलो. तेल २ लिटर. गूळ-साखर मिळून २ किलो. अंड्यांचा ३० चा एक ट्रे, सुटी सहा-सहा आणण्यापेक्षा ट्रे स्वस्त पडतो. मीठ, मिरची, हळद, येसर किंवा काळा मसाला, चहा, दूध हे ज्याच्या त्याच्या सवयीनं.

रेशनकार्ड असेल आणि त्यावर धान्य चालू असेल तर त्याचा हिशेब आधी लावा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो धान्य आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट मिळतं. गावाकडच्या कार्डावरचं धान्य इथल्या रेशन दुकानातूनही उचलता येतं, त्यासाठी कार्ड आधारला जोडलेलं असावं लागतं. दोघांचे १० किलो आले तर वरच्या यादीतला ८ किलो गहू-तांदूळ जवळजवळ सगळाच सुटला.

शेंगदाण्यावर कात्री चालवू नका. पैसे कमी पडले की पहिल्यांदा लोक डाळ आणि शेंगदाणे कमी करतात आणि भाकर-ठेच्यावर भागवतात. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पूर्वी पेलाग्रा व्हायचा, कातडी काळी पडून सोलायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्याचा मोठा अभ्यास झाला होता. ज्वारी वाईट नव्हे, पण तिला सोबत लागते. आपल्या आज्यांनी भाकरीशेजारी शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी आणि वाटीभर वरण ठेवलं ते काही उगाच नव्हे.

आठवडाभर खायचं काय, याची लांबलचक यादी देत बसत नाही. तुम्हाला घरचं येतंच. एवढंच पाहा की दिवसातून एकदा तरी डाळ, कडधान्य, अंडं यांतलं काहीतरी ताटात असावं. बेसन-भाकर, हुलग्याचे शेंगोळे, वरणफळं, सोयावडीचं कोरड्यास, येसर आमटी, धपाटे-दही, अंडाकरी. संध्याकाळी भूक लागली तर वडापावऐवजी चुरमुऱ्याचा सुशीला. वरणफळांचं तर विशेष आहे. एकाच पातेल्यात डाळ आणि पोळी दोन्ही येतं, शेगडी एकदाच पेटते, आणि फोडणीआधी कुत्र्याची वाटी त्यातूनच बाजूला काढता येते.

माळवं

भाजीबाजारात सकाळी निवड मिळते, दिवस मावळताना भाव मिळतो. बाजार उठायच्या वेळी बाया वाटे लावून बसतात, १० नाहीतर २० रुपयांचा वाटा. पालेभाजी तेव्हा जरा सुकलेली असते, पण घरी पाण्यात घातली की उठून बसते. थंडीत मेथी, पालक, गाजर, टोमॅटो, वाल, वांगी स्वस्त. तेव्हा हरभऱ्याचा पाला वाळवून डब्यात भरा. एप्रिल ते जूनमध्ये माळवं महाग होतं तेव्हा हा पाला, सांडगे आणि कडधान्यं कामाला येतात. पावसाळा लागला की तांदुळजा, घोळ, पाथरी रानात आपोआप उगवतात. खेड्यातल्या बाया त्या जुड्या करून आणतात आणि शहरातले लोक ओळखत नाहीत म्हणून त्या पडून राहतात. तुम्ही ओळखायला शिका. अंबाडी घेतली तर कण्या घालून करा, पोटभर होते.

लाल भोपळा घरात कायम असू द्या. अख्खा भोपळा महिनाभर टिकतो, कापल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवा. माणसाला भाजी, कुत्र्याच्या पातेल्यात दोन फोडी, आणि कुत्र्याला जुलाब झाला किंवा बद्धकोष्ठ झालं तर दोन्हीला उकडलेला भोपळा बरा पडतो.

कुत्र्याचं पातेलं

कुत्र्याला भाकर पचते का, हा प्रश्न शहरात फार विचारतात. पचते. माणसाबरोबर राहून राहून कुत्र्याच्या अंगात पिष्ट पचवायची ताकद लांडग्यापेक्षा वाढलेली आहे. २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते जनुकांतून दाखवून दिलं. पण पचते म्हणजे नुसत्या भाकरीवर ते जगतं असं नाही. भाकर आणि दूध एवढ्यावर ठेवलेलं कुत्रं हळूहळू केस गाळतं, अंग खाजवतं, पिल्लू असेल तर पाय वाकडे पडतात.

सगळं खाणं घरीच करायचं म्हटलं तर जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व अशा बारीकसारीक गोष्टी कमी पडतात. सगळं पाकिटातून द्यायचं म्हटलं तर खिसा कमी पडतो. म्हणून मी मधला रस्ता सांगते: सकाळी पाकीट, संध्याकाळी पातेलं.

सकाळी १२० ग्रॅम दाणे. एकदा मोजून घ्या, मग एखादी वाटी ठरवून टाका आणि त्याच वाटीनं द्या. महिन्याला साडेतीन किलोच्या वर थोडं लागतं. पाकीट घेताना त्यावर ते मोठ्या कुत्र्यासाठीचं संपूर्ण आणि संतुलित खाद्य आहे असं लिहिलंय का ते वाचा. नुसता खाऊ असेल, म्हणजे बक्षीस म्हणून द्यायचं बिस्कीट, तर त्यानं जेवण होत नाही.

संध्याकाळच्या वाट्याला एक भाकर, कोंबडीचा १०० ग्रॅम पोटा, म्हणजे जठर, किंवा काळीज, म्हणजे हृदय, किंवा मानेचं सोडवलेलं मांस, पळीभर घट्ट वरण आणि भोपळ्याच्या नाहीतर गाजराच्या दोन फोडी. कोंबडीच्या दुकानात पोटा-कलेजी सुटी मिळते आणि मांसापेक्षा बरीच स्वस्त. त्यात कलेजी, म्हणजे यकृत, पाचव्या हिश्श्याच्या वर नको, तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज भरपूर दिलं तर बाधतं. मान, पंजे आणले तर उकडून हाडं सगळी काढून टाका. शिजवलेलं हाड फुटलं की टोकदार होतं आणि आतडं फाडतं. मटणाच्या हाडालाही तेच लागू.

करायची रीत: कुकरमध्ये खाली आपली डाळ, वरच्या डब्यात पोटा आणि भोपळा. फार तर चिमूटभर हळद. मीठ नाही, तिखट नाही. शिट्ट्या झाल्या की डाळीतली एक पळी आधी बाजूला काढा, मगच आपल्या वरणाला फोडणी द्या. भाकर कुस्करून त्यात भिजवा. ज्या दिवशी पोटा नसेल त्या दिवशी दोन उकडलेली अंडी.

अंड्याची टरफलं फेकू नका. घरच्या खाण्यात कॅल्शियम सगळ्यात कमी असतं, आणि टरफल म्हणजे जवळजवळ नुसतं कॅल्शियमच. टरफलं धुवा, दहा मिनिटं उकळा, उन्हात कडक वाळवा आणि मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळा. संध्याकाळच्या वाट्यात पाव छोटा चमचा पुरतो. सकाळच्या दाण्यांत आधीच कॅल्शियम आहे, तेव्हा जास्त टाकायचा मोह नको.

नामदेवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं कोरडी भाकर घेऊन पळालं आणि हिंगोलीकडच्या नरसीचे नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. भक्ती म्हणून गोष्ट थोर, पण तुम्ही तुपाची वाटी घेऊन धावू नका. एकदम जास्त तूप-तेल गेलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते, ओकाऱ्या थांबत नाहीत.

काय द्यायचं नाही ते भिंतीवर लिहून लावा, कारण घरी पाहुणे आले की तेच लाडानं भरवतात. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कांदा-लसूण मसाल्यातला, कुठलाच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला तर किलोमागं ५ ग्रॅम कांदाही बाधतो, म्हणजे आपल्या ४ किलोच्या मांजरीला लहान कांद्याची एक फोड. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, मग ती जालन्याच्या कडवंचीची गोड द्राक्षं का असेनात. चॉकलेट, चहा-कॉफी, बिनसाखरेचं च्युइंगगम नाही. आणि खाण्यातलं नसलं तरी इथंच सांगते, ताप आला म्हणून आपली पॅरासिटॅमॉल मांजराला कधीही देऊ नका. एक गोळी तिचा जीव घेते.

मांजरीच्या बाबतीत काटकसर करू नका

कुत्रं आपल्यासारखं मिसळ खातं. मांजर नाही. ती पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा एक घटक तिचं अंग पुरेसं तयार करू शकत नाही, तो तिला मांसातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमकुवत होतं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हे हृदयाचं दुखणं टॉरिनशी जोडून दाखवलं, त्यानंतर मांजराच्या पाकिटात टॉरिन वाढवायला लागले. म्हणून भाकर-दूध, वरण-भात किंवा कुत्र्याचेच दाणे यांवर मांजर ठेवायचं नाही. दिसायला ती महिनोन्‌महिने ठीक दिसते, आणि दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पण गणित करून बघा. मांजरीला दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम दाणे लागतात. महिन्याला दोन किलोच्याही आत. म्हणजे जिथं काटकसर करायची नाही तिथं माल मुळात थोडाच लागतो. मांजराचं चांगलं संपूर्ण खाद्य घ्या आणि बाकीची काटकसर आपल्या ताटात करा. पोटा-काळीज आणलंच आहे तर आठवड्यातून दोनतीनदा उकडलेल्या काळजाचा एखादा तुकडा तिलाही द्या, कोंबडीच्या काळजात टॉरिन चांगलं असतं. दाणे त्या दिवशी तेवढे कमी.

दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पातळ होतं. तेच दूध चहाला वापरा. पैठणच्या नाथसागरातली मासळी तुमच्या बाजारात येत असेल तर डोकं, शेपटी स्वस्तात मिळते. ती उकडून, काटे काढून, कधीतरी. कच्ची मासळी नको, काही जातींच्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारा पदार्थ असतो. सुकट-बोंबील खारट असतात, त्यांच्या नादी लागू नका. कोंबडीही कच्ची नको. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले ते बर्ड फ्लूनं, आणि मांजरांना हा रोग होतो.

कोरड्या दाण्यावरची मांजर पाणी कमी पिते. उन्हाळ्यात दोन ठिकाणी पाण्याची भांडी ठेवा, खाण्यापासून लांब. दाण्यांवर कोमट पाणी टाकून दिलं तरी चालतं. बोका वाळूत वारंवार बसतोय, कुंथतोय आणि मूत होत नाही असं दिसलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मांजरीनं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर "रुसली असेल" म्हणू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते आणि ती जिवावर बेतते.

घर माळकरी असेल, मांस-अंडं चालत नसेल, तर अडत नाही. कुत्र्याला दोन्ही वेळा पाकीट जास्त आणि वर वरण-भाकर-दही थोडं असं चालवता येतं. मांजरीला मात्र सगळं पाकीटच. दाण्यांचा डबा स्वयंपाकघराच्या बाहेर, गॅलरीत ठेवा, सासूबाईही काही म्हणत नाहीत.

ऊन, ओल आणि किडे

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, आणि वीज कधी जाईल नेम नाही. ओलं खाणं भांड्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त राहू देऊ नका, उरलं ते टाका. फ्रीज असेल तर पोटा आठवड्याचा आणून, उकडून, रोजच्या छोट्या डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. फ्रीज नसेल तर रोजच्या रोज आणा, आणि ऐन उन्हाळ्यात अंड्यावर भागवा.

ज्वारीचं पीठ आठवड्याचंच दळून आणा, जास्त दिवस राहिलं की कडसर होतं आणि भाकरही थापली जात नाही. धान्य उन्हात तापवून, गार झाल्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. काही जण बोरिक पावडर चोळतात. ज्या घरात जनावर जमिनीवर सांडलेलं चाटतं तिथं ती नकोच.

दाण्यांचं मोठं पोतं किलोमागं स्वस्त पडतं खरं, पण उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या. नंतर त्यातलं तेल खवट होतं. दाणे मूळ पाकिटातच राहू द्या आणि ते पाकीट तोंड दुमडून झाकणाच्या डब्यात ठेवा. दुकानात उघड्या पोत्यातून सुटे मिळतात ते घेऊ नका, किती दिवसांचे ते कळत नाही. मुंग्यांसाठी सोपा उपाय: खाण्याचं भांडं पाणी भरलेल्या ताटलीत ठेवायचं.

वही, आणि २५ तारखेनंतर

पाकिटावरचा भाव बघू नका, दिवसाचा खर्च काढा. समजा एक पाकीट ३ किलोचं आहे आणि मांजर रोज ६० ग्रॅम खाते, तर ते ५० दिवस चाललं. किमतीला ५० नं भागा. दुसरं पाकीट स्वस्त आहे पण त्याचे रोज ८० ग्रॅम द्यावे लागतात, तर ते ३७ दिवसांतच संपलं. स्वस्त कोणतं ते आता दिसतं. डाळ, अंडी, सोयावडी यांनाही हीच रीत लावा, फक्त तिथं प्रथिनं बघा: सोयावडीत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास, तुरीत बावीसेक, एका अंड्यात ६.

पगार झाला की त्याच दिवशी मांजरीचे आणि कुत्र्याचे दाणे आणून ठेवा, आपल्या किराण्याच्या आधी. शिवाय थोडे पैसे दवाखान्याच्या नावानं वेगळ्या डब्यात. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, वर्षाला रेबीजची लस, हे ठरलेले खर्च आहेत, अचानक येणारे नव्हेत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च बराच कमी येतो, आणि २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास ठिकठिकाणी फुकट लसीचे कॅम्प लागतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ राहत असाल तर अवघड दुखण्याला तिथं दाखवा.

तरीही एखाद्या महिन्याला २५ तारखेलाच डबे वाजायला लागतात. तेव्हा कापायचं काय? आधी बाहेरचा चहा-नाश्ता, मग बिस्किटं, मग साखर, मग माळव्यातलं महागडं. कुत्र्याचे दाणे संपत आले तर दोन्ही वेळा पातेलं करा, आठ-दहा दिवस तसं चालून जातं. फक्त एकदम बदलू नका. दाणे थोडे शिल्लक असतानाच रोज थोडे कमी आणि पातेल्यातलं थोडं जास्त असं करत आठवडाभरात बदला, नाहीतर जुलाब ठरलेले. मांजरीचं पाकीट मात्र त्या यादीत धरायचं नाही. ते संपायला आठ दिवस राहिले की नवं आणायचं, उधारीवर आणावं लागलं तरी.